मोटारीचा कॅलिपर : बाहेरचा रंग आणि आंतलें काम

मोटार चालते ती इंजिनाच्या बळावर, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. ती थांबते कशाच्या बळावर, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. एक हजार किलो वजनाची मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां तिच्या अंगीं सुमारें १ लक्ष ३९ हजार ज्यूल इतकी गतिजन्य शक्ति असते. ब्रेक दाबला म्हणजे ही शक्ति नाहींशी होत नाहीं, तर तिची उष्णता होते. घरांतील अर्धा लिटर पाण्याहून थोडें कमी पाणी उकळीस आणण्याइतकी ती उष्णता असते, आणि चार चाकांपाशीं असलेल्या लोखंडाच्या तबकड्यांनीं व ढोलांनीं ती कांहीं सेकंदांत सोसावयाची असते. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र, ही एक गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

सपाट रस्त्यावर हें काम अधूनमधून पडतें. घाटांत तें अखंड चालतें. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ सालापर्यंतचें अहमदनगर, हा जिल्हा विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा असून त्याच्या रस्त्यांवर चढउतारांची वाण नाहीं. पुणें-नाशिक मार्गावर संगमनेरजवळील चंदनापुरीचा घाट, पाथर्डीच्या वाटेवरील करंजीचा घाट, छत्रपति संभाजीनगरच्या रस्त्यावरील इमामपूरचा घाट, आणि अकोले तालुक्यांतील भंडारदर्‍याकडील वळणें येथील कुटुंबांच्या नेहमींच्या परिचयाचीं आहेत. माणसें व सामान धरून १२०० किलो भरणारी मोटार ३०० मीटर उंचीवरून खालीं उतरली, तर साडेदहा लिटर पाणी उकळेल इतकी शक्ति कोठें तरी खर्च व्हावी लागते. कांहीं भाग वारा व इंजिनाचा रोध घेतात; बाकीचा सर्व भार ब्रेकवर पडतो. असा उतार उतरत असतां चारांपैकीं एक ब्रेक अडकलेला असेल, तर त्याचा अर्थ काय होतो, हें निराळें सांगावयास नको.

चाकाबरोबर फिरणारी पोलादी किंवा बिडाची तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरणारा तो कॅलिपर, अशी हल्लींच्या ब्रेकची रचना असते. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच अशा तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें होतें; परंतु ती कल्पना रुळावयास अर्धें शतक लागलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप मोटारीनें डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि मग या ब्रेककडे जगाचें लक्ष वेधलें. तत्पूर्वी ब्रेकची स्थिति कशी होती, याची कल्पना येण्यास नगरकरांना दूर जाणें नको. १९९४ सालीं सुरू झालेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयांत रोल्स-रॉइस कंपनीची सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती मोटार ठेवलेली आहे. त्या जातीच्या मोटारींना पुढच्या चाकांचे ब्रेक १९२४ च्या सुमारास मिळूं लागले. त्यापूर्वीं सारी मदार मागच्या चाकांवर असे. आपल्याकडील जुन्या अँबॅसडर व पद्मिनी मोटारींना दीर्घकाळ चारहि चाकांस ढोलाचेच ब्रेक होते. आज मात्र बहुतेक घरगुती मोटारींच्या पुढच्या दोन चाकांना डिस्क व कॅलिपर असतात.

कॅलिपर काम कसें करतो? फ्रेंच तत्त्ववेत्ता पास्कल याचा द्रवाच्या दाबासंबंधीं नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोंचतो. पायाखालचा पेडल मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलतो. तो दाब नळीतील ब्रेक ऑईलमधून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत येतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळें व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें जोर सव्वासहा पट होतो. एकीकडे १०० किलोचा रेटा दिला, तर दुसरीकडे ६२५ किलोचा रेटा पॅडवर येतो.

सामान्य मोटारीच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आणि तोहि आंतल्या बाजूस. मग बाहेरचा पॅड तबकडीवर कोण दाबतें? पिस्टननें आंतला पॅड तबकडीवर टेकविला कीं, त्याच्या प्रतिक्रियेनें सबंध कॅलिपर दोन गाईड पिनांवर मागें सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. म्हणजे येथें सरकणारे भाग दोन आहेत : सिलिंडरमधील पिस्टन, आणि पिनांवरील कॅलिपर. पैकीं एकहि अडला तर ब्रेक अर्धाच राहतो.

पिस्टन मागें येण्याची युक्ति तर फार मनोहर आहे. तेथें स्प्रिंग मुळींच नसते. सिलिंडरच्या आंतील खांचेंत चौकोनी छेदाचें एक रबरी कडें बसविलेलें असतें. पिस्टन पुढें सरकला म्हणजे तें कडें त्याच्याबरोबर किंचित् पिळलें जातें, आणि दाब सुटतांच पूर्ववत् होतांना पिस्टनास केसभर मागें आणतें. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळें फिरतें तें या केसभर अंतरामुळें. रबर कडक झालें, किंवा पिस्टनास गंज चढला, कीं हें अंतर मिळत नाहीं. पॅड तबकडीस घांसत राहतो आणि गाडी ब्रेक न दाबतांहि तापूं लागते.

आतां कॅलिपर बिघडतो कां, तें पाहूं. पहिला शत्रु धूळ व चिखल. ऊंसाच्या हंगामांत कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांतील रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या व गाड्यांच्या चाकांबरोबर शेतांतील काळी माती येऊन पडते. ती ओली असतां मोटारीच्या खालच्या अंगास लिंपली जाते व वाळल्यावर सिमेंटासारखी धरते. पिस्टनचें व पिनांचें रक्षण करण्यासाठीं रबरी बूट असतात. ते फाटले कीं माती आंत शिरते. शनिशिंगणापूरच्या घरांना दारें नसलीं तरी चालतें. कॅलिपरचें हें रबरी दार मात्र क्षणभरहि उघडें राहून चालत नाहीं. दुसरा शत्रु पाणी. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेंत असला, तरी अकोल्याच्या पश्चिमेस पाऊस मुसळधार असतो. शिवाय ब्रेक ऑईल स्वतःच हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑईल कमीत कमी २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण आहे. ओल शोषलेल्या त्याच ऑईलसाठीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तें उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखालीं मऊ लागून तळाशीं जातो. त्याच ओलीनें पिस्टन आंतून गंजतो. तिसरा शत्रु आळस : जी मोटार महिनोन्महिने दारांत उभी असते, तिचे कॅलिपर रोज चालणार्‍या मोटारीपेक्षां लवकर अडकतात.

अडकलेल्या कॅलिपरचीं चिन्हें ओळखणें कठीण नाहीं. ब्रेक दाबतां गाडी एका बाजूस ओढली जाते. प्रवासानंतर एका चाकाजवळ दुसर्‍यापेक्षां अधिक धग लागते व जळका वास येतो. चाक काढून पाहिलें तर एक पॅड झिजून पातळ झालेला आणि त्याचा जोडीदार जाडच्या जाड असतो. आंतला पॅड अधिक झिजला असेल, तर संशय प्रथम पिस्टनवर घ्यावा. दोन्ही पॅड असमान झिजले असून पिस्टन मात्र मोकळा सरकत असेल, तर दोष बहुधा गाईड पिनांचा.

येथें या विषयांतील मुख्य विवेक सांगितला पाहिजे. हल्लीं मिश्रधातूच्या मोकळ्या चाकांतून कॅलिपर बाहेरून दिसतो. त्यामुळें तो लाल किंवा पिवळ्या रंगानें रंगविण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नव्हे. रंगानें गंजहि थांबतो. परंतु रंगविलेला कॅलिपर म्हणजे दुरुस्त झालेला कॅलिपर नव्हे. कॅलिपरच्या कामाचे दोन भाग आहेत. एक, ज्यांत ब्रेक ऑईलची वाट उघडावी लागत नाहीं : साफसफाई, गाईड पिना, पॅड व बाहेरचा रंग. दुसरा, ज्यांत नळी सोडून पिस्टन बाहेर काढावा लागतो. पहिला भाग काळजीपूर्वक वागणार्‍या गृहस्थास घरीं करतां येतो, आणि बिघाडाचीं पुष्कळ कारणें तेवढ्यानेंच दूर होतात. दुसरा भाग प्रथम जाणत्या कारागिराजवळ बसून पाहावा, मगच हातीं घ्यावा.

पहिल्या भागाची कृति अशी. मोटार सपाट व टणक जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावावी. जॅक केवळ गाडी उचलण्यासाठीं आहे. उचललेली गाडी भक्कम स्टँडवर टेकविल्यावांचून तिच्या खालीं किंवा चाकाशीं हात घालूं नये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. एका वेळीं एकच बाजू खोलावी, म्हणजे कोणता भाग कसा बसतो, याचा नमुना दुसर्‍या बाजूस शिल्लक राहतो. पॅडची भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोतानें कधींच उडवूं नये; जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसास घातक आहे. भुकटी ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें.

खालचा बोल्ट काढला कीं बहुतेक कॅलिपर वर उचलले जातात. दोन्ही बोल्ट काढल्यास कॅलिपर तारेच्या आंकड्यानें स्प्रिंगला अडकवावा. तो रबरी नळीवर लोंबकळूं देऊं नये, कारण नळीस आंतून चीर पडली तर ती बाहेरून दिसत नाहीं. गाईड पिना ओढून काढाव्या, जुनें वंगण पुसावें, गंज असेल तर बारीक पॉलिश कागदानें काढावा, आणि खड्डे पडले असतील तर पीन बदलावी. वंगण ब्रेकसाठीं असलेलें सिलिकोनचेंच हवें. येथें घरांतील साधें ग्रीस, इंजिनचें ऑईल किंवा रॉकेल चालत नाहीं. खनिज तेलानें हें विशिष्ट रबर फुगतें, आणि आज मोकळी केलेली पीन महिन्याभरांत पुन्हां घट्ट बसते. पीन बसविल्यावर कॅलिपर दोन बोटांनीं मागेंपुढें सरकला पाहिजे.

रंगाचें काम सोपें, पण तें तयारीवर अवलंबून आहे. तारेच्या ब्रशनें माती व सुटा गंज काढावा, ब्रेक क्लीनरनें तेलकटपणा घालवावा, आणि भाग पूर्ण कोरडा होऊं द्यावा. दारेंखिडक्यांचा साधा रंग येथें जळून पापुद्रे होतो. कॅलिपरसाठीं म्हणून मिळणारा, उष्णता सोसणारा रंगच घ्यावा. जाड एका हातापेक्षां पातळ दोन-तीन हात चांगले, आणि वाळविण्याचा काळ डब्यावर लिहिल्याप्रमाणें पाळावा. ज्या जागीं रंग लागतां कामा नये त्या अशा : पिस्टन व त्याचा बूट, पिनांचीं भोंकें, पॅड जेथें टेकतात व सरकतात त्या खांचा, ब्लीडर निप्पलचें तोंड, तबकडीचा घांसणारा पृष्ठभाग, आणि नळीच्या जोडाची जागा. या सर्वांवर रंगापूर्वीं कागदी चिकटपट्टी लावावी. पॅडच्या खांचेंत नखभर जाडीचा रंग गेला, तरी पॅड घट्ट बसून पूर्वीचाच रोग नव्यानें निर्माण होतो.

दुसर्‍या भागाचें तंत्र समजून घेणें, तें स्वतः न करणार्‍यासहि उपयोगाचें आहे. कारण कारागीर काय करतो, हें पाहण्याची दृष्टि त्यामुळें येते. पिस्टन बाहेर काढण्याचा शहाणपणाचा मार्ग असा कीं, नळी सोडण्यापूर्वींच पेडल हळूहळू दाबून त्याला ब्रेक ऑईलच्याच दाबानें पुढें आणावें, व समोर लांकडाचा तुकडा ठेवावा. हवेच्या दाबानें काढलेला पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. त्याच्यापुढें बोट ठेवणार्‍याचें बोट चिरडतें. बाहेर आल्यावर पिस्टनचा पृष्ठभाग पाहावा. रबरी कडें सिलिंडरच्या खांचेंत स्थिर असून पिस्टन त्यांतून सरकतो; म्हणून पिस्टनवर खड्डा असेल, तर तो घांसून उपयोग नाहीं, बदललाच पाहिजे. कड्याची खांच मात्र धातूच्या टोकानें न ओरबाडतां स्वच्छ करावी. कडें व बूट प्रत्येक वेळीं नवीन घालावे. सील किटची किंमत गाडीच्या किंमतीपुढें नगण्य असते. नवीन कडें ताज्या ब्रेक ऑईलनें ओलें करून, पिस्टन सरळ धरून हातानें आंत दाबावा. वांकडा गेला तर हातोडी न मारतां पुन्हां काढावा. नळीच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशरहि नवेच हवेत. दोन तुकडे बोल्टांनीं जोडून केलेला कॅलिपर असेल, तर ते बोल्ट सोडूं नयेत. ज्या मागच्या कॅलिपरांत हातब्रेकची यंत्रणा किंवा विजेची मोटर असते, ते घरीं खोलण्याच्या भानगडींत पडूं नये.

नळी सुटली कीं तींत हवा शिरते, व ती काढल्यावांचून ब्रेक निरुपयोगी. यासाठीं माणसें दोन लागतात. एक आंत पेडलवर, दुसरें चाकापाशीं निप्पलवर. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचें टोक ऑईल असलेल्या बाटलींत बुडवावें. आंतल्यानें पेडल दाबून धरावा, बाहेरच्यानें निप्पल उघडून बुडबुडे जाऊं द्यावे, निप्पल बंद करावा, आणि मगच "सोडा" म्हणावें. निप्पल उघडा असतांना पाय उचलला, तर गेलेली हवा परत येते. टाकींतील ऑईलची पातळी सारखी पाहत राहावी. तें ऑईल मोटारीच्या रंगावर सांडल्यास रंग खातें. लगेच पुष्कळ पाण्यानें धुवावें. भारतांत एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. हवा त्या यंत्रणेंत शिरली असेल, तर ती काढण्यास पुष्कळ गाड्यांत संगणकाचें साधन लागतें. तेथें घरचा प्रयत्न थांबवावा.

सर्व बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानें, टॉर्कच्या पान्यानें आवळावे, अंदाजानें नव्हे. आणि शेवटीं एक नियम, जो विसरल्यामुळें नीट केलेलें कामहि अपघातास कारण होतें : गाडी जागची हलविण्यापूर्वीं पेडल अनेक वेळां दाबावा. काम करतांना पिस्टन मागें ढकललेला असतो, म्हणून पहिला दाब थेट तळाशीं जातो. पेडल टणक होईपर्यंत गाडी गिअरमध्यें टाकूं नये. नंतर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावा. तो हळूहळू खालीं जात असेल, तर कोठें तरी गळती आहे. मग अंगणांत पायी चालण्याच्या वेगानें, मग मोकळ्या रस्त्यावर, आणि चाकांची धग दोन्ही बाजूंस सारखी आहे अशी खात्री झाल्यावरच घाटांत, असा क्रम ठेवावा.

मोटारींचे ब्रेक कायद्याच्या कसोटीस उतरतात कीं नाहीं, हें तपासणार्‍या देशांतील मोजक्या मान्य संस्थांपैकीं एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, नगर येथेंच आहे. नव्या वाहनाचा नमुना रस्त्यावर येण्यापूर्वीं अशा संस्थांत पारखला जातो. परंतु एकदां घरीं आलेली मोटार पुढें दहा-पंधरा वर्षें कोणत्या स्थितींत राहील, याची पारख मालकालाच करावी लागते. दर दोन वर्षांनीं ब्रेक ऑईल बदलणें, वर्षांतून एकदां, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पिना काढून पुसणें, आणि फाटका बूट दिसतांच बदलणें, एवढ्या तीन गोष्टी ज्या घरीं पाळल्या जातात, तेथील कॅलिपर खोलण्याची वेळ क्वचितच येते. त्यावर लाल रंग असो वा नसो, करंजीच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला, तर मागच्या बाकावरील मुलांची झोंपहि मोडणार नाहीं, इतक्या बेतानें तो गाडी थांबवितो.